मुंबईतील कोरोनाबाधित व मृत्यूंच्या दैनिक नोंदी : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

कोणत्याही महामारीचा इतिहास प्रामुख्याने नोंदींच्या आधारे लिहिला जातो. साथ ओसरल्यानंतर अनुभव विरत जातात आणि मागे उरतात ती पत्रके, तक्ते आणि नोंदवह्या. म्हणूनच या नोंदी कोणी, कशासाठी आणि कोणत्या व्याख्येनुसार केल्या, हे तपासणे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते. ११ मार्च २०२० रोजी मुंबईत कोरोनाचे पहिले दोन रुग्ण आढळले आणि १७ मार्च रोजी शहरातील पहिला मृत्यू कस्तुरबा रुग्णालयात नोंदला गेला. तेव्हापासून बृहन्मुंबई महानगरपालिकेचे दैनिक पत्रक हा शहराच्या सार्वजनिक जीवनाचा एक भाग बनला. साथीच्या अखेरीस या पत्रकांतील बेरीज बाधितांच्या बाबतीत साडेअकरा लाखांच्या आसपास, तर मृत्यूंच्या बाबतीत एकोणीस हजार सातशेच्या वर गेली होती.

या आकड्यांकडे पाहण्याच्या दोन प्रवृत्ती दिसून येतात. एक प्रवृत्ती त्यांना अंतिम सत्य मानते, तर दुसरी त्यांना निव्वळ बनवाबनवी ठरवते. या दोन्ही प्रवृत्तींमुळे आकडा वाचण्याचे कष्ट टळतात. प्रस्तुत लेखात दैनिक पत्रक ही एक संहिता आहे असे मानून तिची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. हे पत्रक शहराचा कारभार चालवण्यासाठी तयार झालेले साधन होते. त्याने ते काम बऱ्याच अंशी पार पाडले. परंतु त्याच पत्रकाला शहराच्या दुःखाचे माप समजण्यात आले आणि तेथे त्याच्या मर्यादा उघड झाल्या, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. नोंदींची पूर्वपरंपरा

शहरातील मृत्यू मोजून साथीचा अंदाज घेण्याची पद्धत जुनी आहे. सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्युपत्रके छापली जात. मृत्यूचे कारण ठरवण्याचे काम बहुधा वृद्ध स्त्रियांकडे असे आणि त्यांच्या निदानावर अज्ञान, भीती व पैसा या तिन्हींचा परिणाम होत असे. जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये या पत्रकांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात १६२५ च्या प्लेगसंबंधी एक मार्मिक निरीक्षण आहे. त्या वर्षी प्लेगखेरीज अन्य कारणांनी झालेले म्हणून नोंदलेले मृत्यूही नेहमीच्या वर्षांपेक्षा कितीतरी अधिक होते. यावरून प्लेगचे अनेक मृत्यू इतर रोगांच्या नावाखाली गेले असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्याने काढला. नोंदलेल्या कारणावर विसंबून न राहता एकूण मृत्यूंतील वाढ पाहावी, या आजच्या पद्धतीचे बीज येथे सापडते. डॅनियल डिफो याने १६६५ च्या प्लेगवर १७२२ मध्ये लिहिलेल्या 'अ जर्नल ऑफ द प्लेग इयर' या कादंबरीचा निवेदकही हीच शंका घेतो. पत्रकांतील अडुसष्ट हजारांवरचा आकडा त्याला अपुरा वाटतो आणि खरी संख्या एक लाखाच्या घरात असावी, असे तो मानतो. तरीही तो ती पत्रके वाचणे सोडत नाही, ही बाब समीक्षकाने विशेषत्वाने लक्षात घेण्यासारखी आहे.

मुंबईला या परंपरेचा स्वतःचा वारसा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. अकॅशियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सक्तीचे विलगीकरण आणि घरझडती यांच्या धास्तीने लोक रुग्ण लपवू लागले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. हेच रुग्णालय पुढे कस्तुरबा रुग्णालय या नावाने ओळखले जाऊ लागले. मृत्यूचे कारण 'ताप' असे नोंदवले गेले की घर झडतीतून वाचत असे. त्यामुळे प्लेगचे म्हणून नोंदलेले मृत्यू आणि एकूण मृत्यूंतील वाढ यांत अंतर पडत असल्याचे त्या काळीही लक्षात आले होते. या साथीतूनच १८९७ चा साथरोग अधिनियम जन्माला आला आणि मार्च २०२० मध्ये राज्य शासनाने त्याच अधिनियमाचा आधार घेतला.

या इतिहासातील आणखी एक दुवा बहुविद्याशाखीय अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचा आहे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये साथीच्या प्रसाराचा जो गणिती सिद्धांत मांडला, त्याच्या पडताळणीसाठी त्यांनी मुंबई बेटावरील १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील प्लेगच्या मृत्यूंचे साप्ताहिक आकडे वापरले. २०२० मध्ये जगभर ज्या प्रतिमानांच्या आधारे लाटांची भाकिते केली गेली, त्यांच्या मुळाशी हा सिद्धांत आहे. प्लेगमधील उंदीर, पिसवा आणि ऋतुमान यांची भूमिका त्या साध्या समीकरणात सामावत नाही, अशी टीका पुढे २०१२ मध्ये बाकाएर या गणितज्ञाने केली. म्हणजे वक्ररेषा आकड्यांशी जुळली म्हणून रोगाची उकल झाली असे होत नाही. मुंबईच्या नोंदींनी हा धडा शंभर वर्षांपूर्वीच पुरवला होता.

२. दैनिक पत्रकाचे स्वरूप आणि भाषा

महानगरपालिकेच्या पत्रकात साधारणतः चोवीस तासांतील बाधित, बरे झालेले रुग्ण, मृत्यू, सक्रिय रुग्ण, एकूण चाचण्या, रुग्णवाढीचा दर, दुपटीचा कालावधी, झोपडपट्टी व चाळींतील प्रतिबंधित क्षेत्रे आणि सीलबंद इमारती यांचा समावेश असे. शहराच्या २४ प्रशासकीय विभागांतील नियंत्रण कक्ष, म्हणजेच वॉर रूम, याच माहितीच्या आधारे खाटांचे वाटप करीत. एका रुग्णामागे एक खाट, एक रुग्णवाहिका आणि संपर्कातील काही व्यक्ती असे त्या आकड्याचे व्यावहारिक रूप होते. या अर्थाने पत्रक उपयुक्त होते, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि त्याची भाषा तपासण्यासारखी आहे. मृत्यूंची संख्या दिल्यानंतर त्यांपैकी किती जणांना 'दीर्घकालीन आजार' होते, हे आवर्जून सांगितले जाई. त्यानंतर स्त्री-पुरुष आणि वयोगट अशी विभागणी येई. वैद्यकीयदृष्ट्या ही माहिती गैरलागू नाही. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांना धोका अधिक होता. परंतु रोजच्या रोज त्याच क्रमाने येणाऱ्या या वाक्याचा वाचकावर होणारा परिणाम वेगळा आहे. मृत्यूचे ओझे नकळत विषाणूवरून मृताच्या देहाकडे सरकते आणि निरोगी वाचकाला एक खोटा दिलासा मिळतो. ज्या शहरात चाळिशीपुढील असंख्य माणसे मधुमेहाची गोळी घेऊन लोकलने कामावर जातात, तेथे 'दीर्घकालीन आजार' हे अपवादाचे लक्षण मानता येत नाही.

'बरे झालेले रुग्ण' या रकान्याचीही अशीच चिकित्सा आवश्यक आहे. ८ मे २०२० रोजी केंद्र शासनाने रुग्णांना घरी सोडण्याचे निकष बदलले. सौम्य लक्षणांच्या रुग्णाला दहा दिवसांनंतर पुन्हा चाचणी न करता सोडता येऊ लागले. निर्णय वैद्यकीयदृष्ट्या समर्थनीय होता. परंतु त्यामुळे 'बरे होणे' या शब्दाचा अर्थच बदलला आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करणे अवघड झाले.

३. दुपटीच्या कालावधीचा भ्रम

पत्रकातील सर्वाधिक चर्चिला गेलेला निर्देशांक म्हणजे रुग्ण दुपटीचा कालावधी. तो जितका वाढेल तितकी परिस्थिती सुधारली, असे मानले जाई. साथीच्या आरंभी हा निर्देशांक खरोखरच उपयोगी असतो. मात्र तो एकूण रुग्णसंख्येवर आधारलेला असल्याने कालांतराने त्याचा अर्थ बदलतो.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल. एकूण रुग्ण ५० हजार असताना रोज एक हजार नवे रुग्ण आढळले, तर वाढीचा दर २ टक्के होतो आणि दुपटीचा कालावधी सुमारे ३५ दिवस येतो. पुढे एकूण संख्या एक लाख झाली आणि तरीही रोज एक हजारच रुग्ण आढळत राहिले, तर दर १ टक्का होतो आणि कालावधी सुमारे ७० दिवसांवर जातो. रुग्णालयाच्या दारातील रांग मात्र तेवढीच राहिलेली असते. म्हणजे साथ तसूभरही कमी न होता निर्देशांक दुपटीने 'सुधारतो'. २०२० च्या जून-जुलैमध्ये मुंबईतील दैनिक रुग्णसंख्या बराच काळ हजाराच्या आगेमागे रेंगाळत असताना हा निर्देशांक मात्र सतत चढता राहिला. यात गणिताची चूक काहीच नव्हती. आरंभी योग्य असलेले माप अयोग्य ठरल्यानंतरही चालू ठेवले गेले, हा दोष होय. जे माप केवळ वेळ गेल्याने सुधारते, ते कारभाराच्या गुणवत्तेचा पुरावा ठरू शकत नाही.

४. तफावतींचे तीन प्रकार

पत्रकातील आकडा आणि वस्तुस्थिती यांतील अंतराला सरसकट 'लपवाछपवी' म्हणणे अशास्त्रीय ठरेल. या अंतराचे किमान तीन प्रकार वेगळे केले पाहिजेत.

(अ) विलंबाची तफावत : १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या मृत्युसंख्येत पूर्वी न नोंदलेल्या १,३२८ मृत्यूंची भर घालण्यात आली. त्यांपैकी ८६२ मृत्यू मुंबईतील होते. हे मृत्यू एका दिवसात घडले नव्हते, ते एका दिवसात नोंदले गेले. रुग्णालयाकडून अहवाल उशिरा येणे आणि मृत्यूंच्या कारणांची फेरतपासणी चालू असणे ही त्यामागील कारणे होती. पत्रक 'आजचे मृत्यू' सांगते असे वाचकाला वाटे. वस्तुतः ते 'आज नोंदलेले मृत्यू' सांगत असे. या दोहोंतील फरक ठळकपणे छापला असता तर लोकांचा विश्वास वाढला असता. चुकीची दुरुस्ती उघडपणे केली, याचे श्रेय प्रशासनाला देणे न्याय्य आहे. मात्र दुरुस्ती मूळ तारखांना जोडून दाखवली गेली नाही, तर साथीचा आलेखच विकृत होतो.

(आ) व्याख्येची तफावत : मृत्यू कोरोनाचा की कोरोनासह, हा प्रश्न आरंभापासून वादग्रस्त होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग वर्गीकरणात विषाणू चाचणीने सिद्ध झालेल्या आणि केवळ लक्षणांवरून निदान झालेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र संकेतांक उपलब्ध होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० मधील मार्गदर्शिकेत या दोन्हींचा उल्लेख आहे. तथापि दैनिक बेरजेत प्रामुख्याने चाचणीने सिद्ध झालेले मृत्यूच गणले गेले. चाचणी होण्यापूर्वीच घरी किंवा रुग्णवाहिकेत दगावलेली व्यक्ती या बेरजेबाहेर राहण्याची शक्यता अधिक होती.

(इ) अदृश्यतेची तफावत : ही सर्वांत खोल आहे. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महानगरपालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या वतीने आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर या तीन विभागांत प्रतिपिंडांचे सर्वेक्षण झाले. ६,९३६ नमुन्यांच्या तपासणीत झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्त्यांतील सुमारे १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. त्या वेळी संपूर्ण मुंबईतील नोंदलेले बाधित एक लाख दहा हजारांच्या आसपास होते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख धरली, तर हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी भरते. सर्वेक्षण तीनच विभागांपुरते असल्याने त्याचा निष्कर्ष संपूर्ण शहराला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही बाधितांचा आकडा विषाणूच्या प्रसारापेक्षा चाचणीच्या आवाक्याचे मोजमाप करीत होता, एवढे त्यावरून निश्चित होते. सार्वजनिक शौचालय आणि दहा बाय दहाची खोली वाटून घेणाऱ्यांपर्यंत विषाणू आधी पोहोचला, आकडा मात्र मागे राहिला.

धारावीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण आढळला आणि २५ डिसेंबर २०२० रोजी प्रथमच एकही नवा रुग्ण नोंदला गेला नाही. घरोघरी तपासणी, विलगीकरण आणि खासगी डॉक्टरांचा सहभाग यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु 'शून्य' याचा नेमका अर्थ 'त्या दिवशी झालेल्या चाचण्यांत कोणीही बाधित आढळले नाही' एवढाच आहे. दाट वस्तीत आधीच झालेला प्रसार आणि प्रशासनाचे प्रयत्न यांपैकी कशाचा वाटा किती, हे केवळ त्या शून्यावरून ठरवता येत नाही.

याच कारणाने लाटांची परस्पर तुलनाही जपून करावी लागते. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत ११,१६३ रुग्ण नोंदले गेले, तर ७ जानेवारी २०२२ रोजी २०,९७१. तिसऱ्या लाटेत मृत्यू मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. लसीकरण, पूर्वसंसर्ग आणि विषाणूचे बदललेले रूप यांमुळे 'एक रुग्ण' या एककाचेच वजन बदलले होते. शिवाय घरच्या घरी चाचणी करणाऱ्या अनेकांचे निकाल पत्रकापर्यंत पोहोचलेच नाहीत.

५. मृत्युनोंदवहीची साक्ष

बाधितांचा आकडा चाचणीवर अवलंबून असतो. मृत्यूची नोंद मात्र जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार कारणनिरपेक्ष होते. मुंबईत अंत्यसंस्कारासाठी कागदपत्रांची आवश्यकता असल्याने ही नोंद जवळजवळ संपूर्ण मानता येते. २०१९ मध्ये शहरात सुमारे ९१ हजार मृत्यू नोंदले गेले होते, २०२० मध्ये ही संख्या सुमारे १ लाख १२ हजारांवर गेली. वाढ वीस हजारांहून अधिक, तर त्याच वर्षीचे अधिकृत कोरोनामृत्यू अकरा हजारांच्या थोडे वर. ग्राँटने १६२५ च्या लंडनला लावलेली कसोटी येथेही लावता येते.

अर्थात या फरकातील प्रत्येक मृत्यू कोरोनाचा होता, असे म्हणणे घाईचे ठरेल. डायलिसिस, हृदयरोग किंवा कर्करोगाचे उपचार टाळेबंदीत लांबल्याने दगावलेले रुग्णही त्यात आहेत. दुसरीकडे, मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर एरवी वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडतात. २०२० मध्ये लोकल बराच काळ सर्वसामान्यांसाठी बंद असल्याने ही संख्या निम्म्याहून खाली आली. लाखो श्रमिक गावी परतल्याने शहराची लोकसंख्याही घटलेली होती. म्हणजे अपेक्षित मृत्यू नेहमीपेक्षा कमी असायला हवे होते. या बाबी हिशेबात घेतल्यास साथीचा भार वरवरच्या वजाबाकीहूनही अधिक असण्याची शक्यता उरते. याखेरीज मृत्यूची नोंद जेथे तो घडला तेथे होते. त्यामुळे बाहेरगावाहून उपचारासाठी आलेले मृत त्यात येतात आणि गावी जाऊन दगावलेले मुंबईकर त्यातून निसटतात.

असे असले तरी मुंबईतील तफावत राष्ट्रीय पातळीवरील वादाच्या तुलनेत मर्यादित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील २०२०-२१ मधील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख असा मांडला. त्या दोन वर्षांतील अधिकृत संख्या पाच लाखांच्या आत होती. भारत शासनाने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. या वादाचा निवाडा प्रतिमानांच्या तुलनेत नोंदवह्यांनीच अधिक विश्वासार्हपणे होऊ शकतो. मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नागरी नोंदणीच्या आकडेवारीनुसार देशात २०२० मध्ये सुमारे ८१ लाख, तर २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. ही माहिती चार वर्षांनी उपलब्ध व्हावी, हीच आपल्या व्यवस्थेवरील बोलकी टीका होय.

६. नोंद आणि नागरिकाचा हक्क

ही चर्चा केवळ संख्याशास्त्रीय नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी कोरोनामृतांच्या कुटुंबीयांना साहाय्य देण्याचे निर्देश दिले आणि पुढे ५० हजार रुपयांची रक्कम निश्चित झाली. तेव्हा मृत्यूचे कारण हा घरातील माणसांच्या हक्काचा प्रश्न बनला. १९६९ च्या अधिनियमानुसार कुटुंबाला मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यात कारण नमूद केले जात नाही. ते वैद्यकीय प्रमाणपत्रात असते आणि ते प्रमाणपत्र त्या वेळी सामान्य माणसाच्या हाती सहसा नसे. सप्टेंबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी निदानापासून तीस दिवसांत झालेला मृत्यू, तो रुग्णालयाबाहेर झाला असला तरी, कोरोनामृत्यू मानण्याची तरतूद केली आणि जिल्हास्तरीय समित्यांकडे दाद मागण्याची सोय झाली.

जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार महाराष्ट्रातील अधिकृत मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार, तर साहाय्यासाठी आलेले अर्ज सुमारे २ लाख १३ हजार होते. दुबार व अपात्र अर्ज आणि विस्तारलेली व्याख्या यांमुळे अर्जांची संख्या म्हणजे मृत्यूंची संख्या नव्हे. तथापि पत्रकाने ज्यांना मोजले नाही, त्यांच्या घरच्यांनी स्वतः येऊन आपला माणूस मोजून घेण्याची मागणी केली, असा या अर्जांचा अर्थ लावता येतो. मोजणी करणारा आणि मोजला जाणारा यांचे नाते येथे उलटे झाले. प्लेगच्या काळात लोक नोंद टाळत होते, कारण नोंदीपाठोपाठ सक्ती येत होती. कोरोनाच्या उत्तरार्धात लोक नोंद मागत होते, कारण नोंदीपाठोपाठ हक्क येत होता. शासनाविषयीचा विश्वास आणि नोंदीची अचूकता यांचा संबंध यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे उदाहरण विरळाच.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मुंबईचे दैनिक पत्रक प्रशासकीय साधन म्हणून उपयुक्त होते. साथीच्या एकूण प्रसाराचे व मृत्यूंचे माप म्हणून ते अपुरे होते.

२. पत्रक आणि वस्तुस्थिती यांतील अंतर विलंब, व्याख्या आणि अदृश्यता या तीन भिन्न कारणांनी पडले. त्यांचे उपायही भिन्न आहेत. विलंबावर तारीखवार दुरुस्ती, व्याख्येवर निकषांची पारदर्शकता आणि अदृश्यतेवर वेळोवेळी नमुना सर्वेक्षण हे उपाय होत.

३. कारणनिरपेक्ष मृत्युनोंदणी ही साथीच्या भाराची सर्वाधिक भरवशाची साक्ष आहे. ती दरमहा विभागवार प्रसिद्ध करणे मुंबईसारख्या शहराला अशक्य नाही.

४. दैनिक पत्रके, त्यांतील दुरुस्त्या आणि बदललेल्या व्याख्या यांचे एकत्रित जतन होणे आवश्यक आहे. अन्यथा उद्याच्या अभ्यासकाला बेरीज मिळेल, पण ती कशी झाली हे कळणार नाही.

१७ ऑक्टोबर २०२१ रोजी मार्च २०२० नंतर प्रथमच मुंबईत एकाही कोरोनामृत्यूची नोंद झाली नाही. शहराने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो रास्तच होता. परंतु आधीच्या दीड वर्षातील सर्व मृत्यू मोजले गेले होते काय, हा प्रश्न त्या शून्याने सुटत नाही. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केल्यानंतर या विषयातील सार्वजनिक रस ओसरला. रोजच्या घाईत न होऊ शकलेली मोजणी पूर्ण करण्याचे काम आता अभ्यासकांचे आहे. इतिहास, संख्याशास्त्र, भाषा, समाजशास्त्र आणि विधी या विभागांनी आपापल्या शहराच्या मृत्युनोंदवह्या एकत्र बसून वाचल्या, तर महाविद्यालयीन संशोधनाला एक निकडीचे क्षेत्र मिळेल आणि पत्रकाबाहेर राहिलेल्या माणसांची नोंदही उशिरा का होईना, पण पूर्ण होईल.